लवू तांडेलाचा तोल

लवू तांडेलाच्या लिंबूसोड्यावर यंत्राने पहिल्यांदा लाल दिवा लावला, तेव्हा 'गलबत'मधली सगळी टेबलं खो खो हसली.

हसण्यासारखंच होतं ते. किनाऱ्यावर असताना परमिट रूमला रोज यायचं आणि दारूला शिवायचं नाही, असा हेदवली बंदरात तो एकटाच माणूस होता. आठवडाभर समुद्रात काढून तो कप्तान असलेली मासेमारी नौका त्या दुपारी धक्क्याला लागली होती. मासळी उतरवून, अंगावर चार तांबे पाणी घेऊन तो आला, दारातून खिडकीजवळच्या आपल्या टेबलापर्यंत चालत गेला, आणि खुर्ची ओढायच्या आत काउंटरवरच्या पडद्यावर त्याचा चेहरा लाल चौकटीत उमटला. खाली अक्षरं आली : 'तोल-अंक मर्यादेबाहेर. या ग्राहकास मद्य देऊ नये.'

"वैनी, सोडा तरी मिळेल ना?" लवूने विचारलं आणि हशा पुन्हा उसळला.

काउंटरमागे उभी असलेली सुगंधा हातणकर हसली खरी, पण तिच्या पाठीमागच्या मांडणीवर बाटल्यांच्या तोंडाला बसवलेल्या नव्या तोट्या खट्कन बंद झाल्या होत्या, आणि तो आवाज तिला आवडला नव्हता.

सुगंधाला कॅमेऱ्यांचं वावडं नव्हतं. नवरा गेल्यापासून 'गलबत' तीच चालवत होती आणि परवान्यासोबत येणारे कॅमेऱ्यांचे नियम तिला पाठ होते. एक कॅमेरा दारावर, आत येणाऱ्याचा चेहरा ओळखू येईल अशा उंचीवर. एक गल्ल्यावर, एक बाटल्यांच्या कपाटावर, एक बाहेर रस्त्याकडे. एकही कोपरा अंधारा ठेवायचा नाही आणि चित्रण महिनाभर जपायचं. मागे एकदा फुटक्या बाटलीने मारामारी झाली, तेव्हा तिच्या वेटरवर आळ आला होता आणि त्याच चित्रणाने तो सुटला होता. त्यामुळे त्या वर्षी मद्यविक्री सुरक्षा मंडळाने नवं मानक आणलं, तेव्हा इतर बारमालक कुरकुरले तरी तिने मंडळाच्या माणसांना शिडी धरायला मदत केली होती.

त्यात तिची एकुलती एक मुलगी केतकी पुण्याला ज्या प्रयोगशाळेत कामाला होती, तिथेच हे मानक घडलं होतं. आईला कौतुक होतंच.

नव्या कॅमेऱ्यांचं काम नुसतं बघण्याचं नव्हतं. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यागणिक चेहऱ्याच्या कातडीखाली रक्ताची एक लाट येते आणि ओसरते. कातडीचा रंग त्याने इतका थोडा बदलतो की डोळ्यांना कधी कळणार नाही, पण या भिंगांना कळायचं. दारू पोटात गेली की बुबुळं एका बाजूला वळताना बारीक बारीक हिसके देतात, तेही ती टिपत. आणि सगळ्यात मुख्य म्हणजे चाल. माणसाच्या कवटीच्या मागच्या बाजूला जो लहान मेंदू असतो, तो पावलांचा तोल सांभाळतो. मद्याचा पहिला फटका त्यालाच बसतो. मग पावलं कधी लांब, कधी आखूड पडू लागतात, खांदे उशिरा सावरतात. नाडी, नजर आणि चाल या तिन्हींचा मेळ घालून यंत्र एक आकडा काढायचं. तोच तोल-अंक. तो मर्यादेपलीकडे गेला की बाटल्यांच्या तोट्यांना कुलूप, आणि त्या माणसाची नोंद मंडळाकडे.

केतकीने या कामात जीव ओतला होता, त्यालाही कारण होतं. परमिट रूमच्या वरच्या मजल्यावर वाढलेली ती मुलगी. शाळेत तिला कोणी नावाने हाक मारत नसे, 'गलबतवाली' म्हणत. आठवीत असताना तिची जिवाभावाची मैत्रीण सायकलवरून येत होती आणि एका झिंगलेल्या ट्रकवाल्याने तिला उडवलं. तो माणूस 'गलबत'मध्ये बसलेला नव्हता, पण केतकीने आईशी पुढे कित्येक दिवस अबोला धरला होता. कोणी पिऊन चाकामागे बसूच नये, असं काहीतरी आपण करायचं, हे तिने तेव्हाच ठरवलं होतं आणि करूनही दाखवलं होतं.

त्या आठवड्यात एकेक नौका परतत गेली आणि हशा विरत गेला. कारण लाल चौकट फक्त लवूभोवती येत नव्हती. बंदरावरून आलेला जवळजवळ प्रत्येक खलाशी पहिला घोट घ्यायच्या आत झिंगलेला ठरत होता. शहरातून आलेले पर्यटक दोन-दोन पेग रिचवून हिरव्या चौकटीत मजेत बसलेले, आणि दिवसभर जाळी ओढून आलेला माणूस लाल. खलाशी चिडले. काहींनी सुगंधालाच बोल लावला. मग एका सकाळी लवूच्या फोनवर बंदर कचेरीचा निरोप आला. ट्रकचालक, क्रेनचालक, तांडेल अशा माणसांच्या नोंदी त्यांना परवाने देणाऱ्यांकडे आपोआप जात, ही गोष्ट मानकाच्या मागल्या पानांत कुठेतरी होती. लवूला तीन लाल नोंदी झाल्या होत्या. त्याचं तांडेलपण चौकशी होईपर्यंत थांबवलं होतं. ऐन हंगामात त्याची नौका धक्क्याला बांधून पडली आणि तिच्यावरची सात माणसं घरी बसली.

सुगंधाने केतकीला फोन लावला. फार बोलली नाही. एवढंच म्हणाली की तुझ्या यंत्राने लवूकाकाला दारुड्या ठरवलंय, आणि दारू त्याने कधी आणि कोणामुळे सोडली ते तुला ठाऊक आहे.

केतकीला ठाऊक होतं. दहाएक वर्षांपूर्वी लवू याच काउंटरवर पडून राहायचा. एका संध्याकाळी सुगंधाने त्याचा पेला उचलून मोरीत ओतला होता आणि भरल्या गुत्त्यात त्याला सांगितलं होतं, "भावजी, इथे या, बसा, जेवा. पण माझ्या हातची दारू तुम्हाला आजपासून मिळायची नाही. तुम्ही मरताय आणि मी बघतेय." लवू शिव्या घालत निघून गेला होता. पंधरवड्याने परत आला आणि लिंबूसोडा मागितला.

दुसऱ्या दिवशी केतकी आली. दोन दिवस ती धक्क्यावर बसून उतरणाऱ्या माणसांचं चालणं टिपत राहिली. लवूने आपल्या चुलतभावाच्या नौकेवरून तिला दोन दिवस समुद्रातही पाठवलं. परतल्यावर ती 'गलबत'च्या दारातून आत आली आणि पडद्यावर तिचाच चेहरा लाल चौकटीत आला. या वेळी हसली ती फक्त केतकी.

गोष्ट साधी होती. नौका सतत डोलते, म्हणून मेंदू ते डोलणं शिकून घेतो आणि दर क्षणी त्याच्या उलट बाजूने शरीर सावरत राहतो. माणूस जमिनीवर उतरतो तेव्हा मेंदूला ही बातमी लगेच पोचत नाही. काही तास, कधी काही दिवस तो नसलेल्या लाटा सावरत राहतो. बंदरातल्या पोरासोरांनाही हे चालणं ओळखू येतं. पण यंत्राला शिकवलं होतं ते शहरातल्या फुटपाथांवर चालणाऱ्या हजारो माणसांवरून, आणि त्यांच्यातला एकही नौकेवरून उतरलेला नव्हता. केतकीने दुरुस्ती शोधली. लाटांच्या डोलण्याला एक ठरावीक लय असते, दारूच्या झोकांडीला नसते. चालीतून ती लय वजा केली की उरतं ते खरं.

दुरुस्ती सगळ्या किनाऱ्यावरच्या यंत्रांत गेली. लवूला तांडेलपण परत मिळालं. नौका सुटली त्या सकाळी त्याने केतकीच्या हातात सुरमईची जोडी ठेवली आणि म्हणाला की पोरीने नाव काढलं. मायलेकींमधली जुनी अढी त्या दिवशी सुटली. लेक पुण्याला परत जायला निघाली तेव्हा आईने तिला पोटाशी धरलं. बऱ्याच वर्षांनी.

*

महिना उलटला असेल. एका दुपारी, 'गलबत' उघडायच्या आधी, सुगंधा मागल्या पडवीत कोळंबी सोलत होती. केतकी न कळवता दारात उभी राहिली. प्रवासाने चेहरा उतरलेला, पण नुसत्या प्रवासाने नव्हे, हे आईला बघताक्षणी कळलं.

केतकीने पाटावर बसून, आईच्या हातातली कोळंबी आपल्याकडे ओढून घेत, मान खाली घालूनच सांगितलं. लाटांची लय वजा केल्यावर बहुतेक खलाशी हिरवे झाले. लवूकाकाही मर्यादेत आला, पण इतरांसारखा स्वच्छ नाही. त्याच्यात काहीतरी उरलं. दारू नव्हे, नाडी आणि नजर स्वच्छ होती. पण चालताना त्याचा उजवा हात डाव्याइतका हलत नव्हता. पापण्या कमी लवत होत्या. आणि तो शांत बसलेला असताना, हात टेबलावर ठेवलेला असताना, अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर फिरत होतं, जणू तो न दिसणारी गोळी वळतोय. डोळ्यांना दिसायला अजून काही महिने लागले असते. यंत्राला दिसलं होतं.

"कंपवात," केतकी म्हणाली. "मेंदूतल्या काही पेशी मरत जातात. त्या जे रसायन बनवतात त्याच्यावर सगळ्या हालचालींचा ओघ चालतो. यंत्राने खात्री म्हणून दिलेला आकडा फार वरचा आहे, आई. चूक नाही ती."

सुगंधाने हात पदराला पुसले. मग विचारलं, "हे कोणाला माहिती आहे?"

प्रयोगशाळेला. मंडळाला. मंडळाने आता 'मद्येतर दोष' असा नवा रकाना काढला होता, आणि या महिन्याच्या नोंदींबरोबर तो बंदर कचेरीला आणि नौकेच्या विमा कंपनीला जाणार होता.

"आणि लवूभावजींना?"

"त्यांना नाही." केतकीचा आवाज बारीक झाला. "यंत्र वैद्यकीय नाही, म्हणून निदान सांगायला मनाई आहे. ज्याचा दोष त्याला कळवायची तरतूदच नाही. मी इथे आले हेसुद्धा नियमाबाहेर आहे."

सुगंधा उठली आणि पडवीच्या कडेला जाऊन उभी राहिली. राग तिच्या अंगात चढत होता, पण कोणावर काढावा ते कळत नव्हतं. केतकीने मागून आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ती खरी होती म्हणून जास्त लागली. लवूकाका सुकाणूवर असताना ऐन वादळात हात आखडला तर सात माणसं आहेत नौकेवर. त्यांच्या घरच्यांनी उद्या विचारलं की तुम्हाला माहिती होतं तर गप्प का बसलात, तर काय सांगायचं? केतकीने ज्या मैत्रिणीसाठी हे काम हातात घेतलं होतं, तिच्या आईला काय सांगायचं?

"गप्प बसा असं कोण म्हणतंय?" सुगंधा वळली. "गप्प तुमचं मंडळ बसलंय. साऱ्या जगाला सांगतंय आणि ज्याचा हात आहे त्याच्याशी गप्प. मीही या काउंटरवरून वीस वर्षं माणसांकडे बघतेय, केतकी. कोण जास्त प्यालंय, कोणाच्या घरी काय चाललंय, मला चालीवरून कळतं. पण मी बघितलं ते त्याच्या तोंडावर सांगितलं. मागून दुसऱ्याला नाही."

कोळंबी तशीच राहिली.

*

लवू धक्क्याच्या टोकाला जाळं दुरुस्त करत बसला होता. सुगंधा त्याच्यासमोर उलट्या टोपलीवर बसली. इकडचं तिकडचं बोलण्याचा तिचा स्वभाव नव्हता. तिने केतकीने सांगितलं ते सगळं, होतं तसं सांगितलं, रोगाचं नावही सांगितलं.

लवूने ऐकून घेतलं. हातातली जाळ्याची सुई खाली ठेवली आणि आपल्या उजव्या हाताकडे एखाद्या परक्या माणसाच्या हाताकडे बघावं तसा बघत राहिला. मग म्हणाला की गेल्या पावसाळ्यापासून सुईत दोरा ओवायला त्रास होत होता. चष्म्याचा नंबर वाढला असेल असं त्याने मनाला सांगितलं होतं. बायकोने एकदा विचारलं होतं, हल्ली हसत का नाही, चेहरा असा कोरा का असतो. त्यावर तो तिच्यावर खेकसला होता.

"बरं होईल का हे?"

बरं होत नाही, पण गोळ्यांनी वर्षानुवर्षं आटोक्यात राहतं, माणूस चालतो, काम करतो, असं केतकी म्हणालीय, सुगंधाने सांगितलं. पण सुकाणू नाही.

"सुकाणू नाही," तो म्हणाला. समुद्र ओहोटीला लागला होता. नौकांचे तळ चिखलात टेकत होते. "वैनी, त्यांचा निरोप कधी येईल?"

चार-पाच दिवसांत.

"मग तोवर मला माझ्या माणसांना सांगू दे. बंदर कचेरीच्या फोनवरून त्यांना कळलं तर ते म्हणतील तांडेल लपवत होता. तीस वर्षं मी त्यांना समुद्रातून सुखरूप परत आणलंय. मला काढून टाकलं असं व्हायला नको. मी उतरलो असं होऊ दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी, नौका सुटायच्या वेळी, लवूने सातही जणांना धक्क्यावर उभं केलं. सुगंधा आणि केतकी थोड्या लांब थांबल्या. तो काय बोलला ते वाऱ्यात नीट ऐकू आलं नाही, फार बोललाही नाही. उजवा हात पुढे करून त्याने माणसांना दाखवला. मग रमाकांत जाक्कर नावाच्या, त्याच्याखाली वाढलेल्या, चाळिशीच्या माणसाच्या खांद्यावर तो हात ठेवला आणि त्याला सुकाणूकडे ढकललं. रमाकांत जाईना. लवूने त्याला एक शिवी घातली. तेव्हा तो गेला.

नौका लवूशिवाय सुटली. ती बंदराच्या तोंडातून बाहेर पडेपर्यंत तो धक्क्यावर ताठ उभा होता. केतकी रडत होती, पण सुगंधा नव्हती रडत. ती घरी आली, कोपऱ्यातली शिडी काढली आणि काउंटरपुढे लावली.

केतकीने विचारलं की काय करतेस.

"जुने चार कॅमेरे राहू देत," सुगंधा म्हणाली. "दार, गल्ला, कपाट, रस्ता. चोर बघू देत, चाकू बघू देत, पोराटोरांना दारू विकली तर मला पकडू देत. माणसाच्या आत बघायचं असेल तर त्यांनी त्याला विचारून बघावं."

केतकीने तिला समजावलं. परवाना जाईल, मंडळ ऐकणार नाही, अपील करू, मानक बदलायला माणसं आहेत, मी बोलते त्यांच्याशी. सुगंधा शिडीची तिसरी पायरी चढली होती. खाली बघून म्हणाली, "तू बोल. तोवर मी हे उतरवते." शिडी हलत होती. केतकीने थोडा वेळ बघितलं, मग पुढे होऊन दोन्ही हातांनी ती धरली.

*

कॅमेरे उतरवल्याबद्दलची सुनावणी जिल्ह्याच्या गावी झाली. मंडळाचे अधिकारी निमकर हे वाईट गृहस्थ नव्हते. त्यांनी सुगंधाला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. त्यांचं म्हणणं असं होतं की यंत्राने एका माणसाचा रोग आधीच ओळखला, ही तर आनंदाची बाब. नौकेवरचे जीव वाचले. बाईंचा विरोध त्यांना समजत नव्हता.

सुगंधाने सांगितलं की तिलाही आनंद आहे. लवू डोर्लेकर तांडेल डॉक्टरांकडे गेले, औषध सुरू झालं, सुकाणू त्यांनी आपणहून सोडलं. पण यातलं काहीच यंत्रामुळे झालेलं नाही. यंत्राने बंदर कचेरीला सांगितलं, विमा कंपनीला सांगितलं. तांडेलांना माणसाने सांगितलं.

"तुमच्या दारात जो येतो तो स्वतःहून येतो," निमकर म्हणाले. "बाहेर पाटी आहे कॅमेऱ्याची."

"पाटीवर लिहिलंय, सुरक्षेसाठी. तो सोडा प्यायला येतो साहेब, तपासून घ्यायला नाही. तुम्हाला त्याच्या हाताची काळजी असती तर तुम्ही त्याला आधी कळवलं असतं. तुम्हाला काळजी होती ती नौकेची. ती असावी. पण मग तिला नौकेची काळजी म्हणा, त्याच्या भल्याचं नाव घेऊ नका."

निमकरांनी चष्मा काढून पुसला. मंडळाची पद्धत त्यांना मोडता येत नव्हती, हे त्यांनी सरळ सांगितलं. नवीन श्रेणीचे कॅमेरे पुन्हा बसवायला त्या तयार आहेत का, एवढाच प्रश्न त्यांच्यापुढे होता.

"नाही," सुगंधा म्हणाली.

"हातणकरबाई, नीट विचार करून सांगा."

"विचार करूनच शिडीवर चढले होते."

परवाना त्याच बैठकीत पुढील आदेशापर्यंत थांबवला गेला. लेखनिकाने तसं टंकलं. सुगंधा उठली, आणि तेवढ्यात मागच्या बाकावर प्रयोगशाळेची प्रतिनिधी म्हणून बसलेली केतकी उभी राहिली. तिला बोलायला कोणी सांगितलं नव्हतं.

तिने आपलं नाव आणि हुद्दा सांगितला. मग म्हणाली, "डोर्लेकर एकटे नाहीत. दुरुस्तीनंतर या किनाऱ्यावर 'मद्येतर दोष' या रकान्यात आणखी एकोणीस माणसं आली आहेत. कंपवात, मेंदूचे इतर आजार, दोघांच्या हृदयाची लय बिघडलेली. त्यांच्या मालकांना, विमा कंपन्यांना नोंदी गेल्या आहेत. त्यांच्यातल्या एकालाही माहिती नाही की तो आजारी आहे."

निमकर दचकले. ही माहिती गोपनीय आहे, असं ते म्हणाले.

"कोणापासून?" केतकीने विचारलं.

लेखनिकाचे हात थांबले होते. निमकरांनी त्याला हे टंकू नका असं सांगितलं, आणि मग केतकीला हळू आवाजात, जवळजवळ विनवून सांगितलं की यापुढे एक शब्द बोललात तर तुमची नोकरी मला वाचवता यायची नाही. केतकीने गळ्यातलं ओळखपत्र काढलं आणि त्यांच्या टेबलावर ठेवलं. आईने तिच्याकडे बघितलं. काही क्षण तिला ती पोर ओळखूच आली नाही. मग इतकी ओळखीची वाटली की तिला हसू आलं.

*

'गलबत'मध्ये दारू मिळेनाशी झाली. निम्मं गिऱ्हाईक महामार्गावरच्या बारकडे वळलं, आणि त्यात सुगंधाला कोणाचा राग आला नाही. उरलेल्यांसाठी ती दुपारी मासळीची ताटं वाढू लागली. लवू काउंटरवर बसून पैसे घ्यायचा. गोळ्यांनी त्याच्या चेहऱ्यावर पुन्हा हसू उमटायला लागलं होतं, उजवा हात मात्र कधी कधी आपल्या मनाने वागायचा. किनाऱ्यावरच्या आणखी तीन बारमालकांनी नवे कॅमेरे उतरवल्याची बातमी आली. मंडळाने त्यांनाही नोटिसा काढल्या. केतकीवर गोपनीयतेचा भंग केल्याची तक्रार दाखल झाली, आणि तिने वकील गाठला.

पण ती एकोणीस माणसं तिला झोपू देत नव्हती. आठवडेच्या आठवडे तिने ती नावं पडद्यावर पाहिली होती आणि ती तिच्या डोक्यातून जायला तयार नव्हती. एका सकाळी ती न्याहारी तशीच टाकून उठली आणि आईला म्हणाली की मी निघाले. सुगंधाने विचारलं नाही कुठे. चुलीवरचं खाली उतरवलं आणि 'गलबत'च्या दाराला कडी घातली. पायात चपला सरकवत लवूही बाहेर आला.

"तुम्ही नको, काका," केतकी म्हणाली. "उन्हातला प्रवास आहे."

"तुम्ही दोघी जाऊन काय सांगणार? एक यंत्रवाली, एक गुत्तेवाली." तो गाडीच्या पुढच्या आसनावर बसलासुद्धा. "मी सांगतो. ऐकणाऱ्याला काय होतं ते मला ठाऊक आहे."

केतकी गाडी चालवत होती. पहिलं गाव खाडीच्या पलीकडे, जिथे कोळशाची जहाजं लागतात तिथे होतं. क्रेनचालकांच्या चाळीत विचारत विचारत ते एका निळ्या दारापाशी आले. आतून रेडिओचा आवाज येत होता. एक दणकट, पन्नाशीच्या आतला माणूस बनियनवर बाहेर आला. अनोळखी माणसं बघून तो उंबऱ्यातच थांबला. काय विकायचंय असं त्याने विचारलं.

लवू एक पाऊल पुढे झाला. त्याचा उजवा हात थरथरत होता. तो त्याने खिशात घातला नाही.

"विकायचं काही नाही, भाऊ. मी हेदवलीचा लवू डोर्लेकर, तांडेल होतो. तुमच्याबद्दलची एक गोष्ट चार कचेऱ्यांना माहिती आहे आणि तुम्हाला नाही. ती तुम्हाला आज सांगायची, मग त्यांनी आमचं काय करायचं ते करू दे. आत येऊ का?"

त्या माणसाने तिघांकडे आळीपाळीने बघितलं. मग लवूच्या हाताकडे. मग दारातून बाजूला झाला आणि आत हाक मारून बायकोला रेडिओ बंद करायला सांगितलं.